बेडकाची उजवी बाजू

आमच्या घरात सव्वीस दाढ्या होत्या आणि त्यांतली एकही कुणाच्या हनुवटीवर उगवलेली नव्हती. सत्ताविसावी रहीमचाचांची, तेवढी खरी. अण्णा, म्हणजे माझे वडील, नाटकांना कपडेपट भाड्यानं द्यायचे, आणि रहीमचाचा त्या कपड्यांचे शिंपी. रविवार कारंज्यामागच्या बोळातलं आमचं तीन खोल्यांचं घर हेच दुकान आणि हेच गोदाम. मधली मोठी खोली पेट्यांची. तिच्यात शिरलं की उजव्या हाताला स्वयंपाकघर, डाव्या हाताला चाचांच्या शिलाई मशीनची खोली, आणि त्या खोलीपुढच्या पडवीत कोळशाची इस्त्री. चाचा इस्त्रीवर फुंकर घालायचे तेव्हा आतले निखारे लालबुंद व्हायचे. मशीनची खडखड, आईच्या तव्यावरची चर्र, आणि मध्येच अण्णांचा आवाज, "रावणाचं दहावं डोकं कुणी घेतलं?" आई आतून सांगायची, "त्यावर मी मिरगुंडं वाळत घातलीयेत. उन्हात होतं म्हणून." अशा घरातली मुलगी प्राणिशास्त्र शिकायला गेली याचं आमच्या नातेवाइकांना नवल वाटे. मला नाही वाटायचं. नाटकातल्या माणसांपेक्षा झुरळं पुष्कळ शिस्तीची असतात, आणि त्यांना भाड्यानं मिशा लागत नाहीत.

कॉलेजातली आमची प्रयोगशाळा म्हणजे लांबलचक कौलारू खोली. फॉर्मॅलिनचा वास नाकात असा बसायचा की संध्याकाळी घरी आमटीलाही तो येतोय असं वाटायचं. कोपऱ्यात सिमेंटची टाकी, तिच्यात सायखेड्याहून पोत्यातून आणलेले बेडूक. बाई शिकवायला लागल्या की तेही सुरू व्हायचे आणि बाई थांबल्या की तेही गप्प. आजकाल कॉलेजात बेडूक कापत नाहीत म्हणे, पडद्यावर दाखवतात. बरं झालं. मी त्या टाकीतल्या सगळ्यांची मनोमन माफी मागितलेली आहे. पण मला जे एक मोठं शहाणपण मिळालं ते त्यांच्यातल्याच एकाच्या पोटातून, हेही सांगायला हवं.

विभागाच्या प्रमुख टिळेकर बाई. ठेंगण्या, जाड चष्मा, पदर कमरेला खोचलेला आणि आवाज असा की शेवटच्या बाकावरच्या सूक्ष्मदर्शकाची काच थरथरावी. त्यांनी विभागात एक रीत घालून दिली होती. पहिल्या वर्षाला आलेल्या प्रत्येक मुलामुलीला तिसऱ्या वर्षाचं एक माणूस नेमून द्यायचं. त्याला बाईंनी काहीतरी भारदस्त नाव ठेवलं होतं, ते आम्ही कुणी कधी उच्चारलं नाही. आम्ही म्हणायचो 'बोट'. "तुझं बोट कोण?" "मी यंदा अमक्याचं बोट." लहान मुलाला रस्ता ओलांडायला बोट द्यावं, तसं. नियम तीनच. पहिला, बोटानं आपलं जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, नकलायला द्यायची नाही, तोंडानं समजावून सांगायचं. दुसरा, दिवाळीआधीच्या प्रॅक्टिकल परीक्षेत धाकटा नापास झाला तर त्याच्या बोटाच्या जर्नलवर बाई सही करणार नाहीत. सही नसलेलं जर्नल घेऊन वार्षिक परीक्षेला बसता येत नसे. तिसरा नियम मजेचा. परीक्षेनंतरच्या शनिवारी धाकट्यानं आपल्या बोटाला सर्वांसमोर एक प्रश्न विचारायचा. उत्तर आलं नाही तर बोटानं सगळ्या विभागाला मिसळ खाऊ घालायची. तिला उलटतपासणी म्हणत.

चिठ्ठ्या काढायचे प्रयोगशाळेतले शिपाई गणपतमामा. मेणाच्या ट्रेमध्ये घड्या टाकून त्यांनी माझ्या नावाची चिठ्ठी उचलली. माझं लक्ष दुसऱ्या बाकावरच्या एका चुणचुणीत मुलीकडे होतं. इंग्रजी शाळेतली, स्वतःचा डिसेक्शन बॉक्स घेऊन आलेली. ही मिळाली तर दिवाळीपर्यंत मी आरामात बोरं खात बसेन असा माझा बेत होता. मामांनी जोडीची चिठ्ठी उघडली. "भिला खैरनार." सगळ्यांत मागे, दाराला चिकटून, एक उंच, सडपातळ मुलगा उभा होता. पांढरा लेंगा, खांद्याला कापडी पिशवी. नाव ऐकताच तो पुढे येण्याऐवजी अर्धं पाऊल मागे गेला.

भिला बागलाणातल्या, सटाण्यापलीकडच्या एका खेड्यातला. त्याच्या गावातून सायन्सला आलेला तो पहिला. घरी बोलायचा ती अहिराणी, शाळेत शिकला ते मराठीत, आणि इथं पुस्तक इंग्रजीतलं. तीन भाषांच्या मध्ये उभा राहून तो अगदीच गप्प झाला होता. पहिल्या प्रॅक्टिकलला त्याच्यापुढे क्लोरोफॉर्म दिलेला बेडूक ठेवला तेव्हा त्यानं चिमटा खाली ठेवला आणि माझ्याकडे वळून कुजबुजला, "ताई, तो मनाकडे देखी राहिना." मी म्हटलं, "कोण?" त्यानं बेडकाकडे मान केली. मी वाकून पाहिलं. बेडूक खरंच त्याच्याकडे बघत असल्यासारखा दिसत होता. मी वहीचं पान फाडून बेडकाच्या डोळ्यांवर ठेवलं. "आता नाही बघत. काप." त्यानं कापलं, पण इतकं हळू की टाचण्या लावेपर्यंत तास संपला.

दुसऱ्या आठवड्यात तो आलाच नाही. मी गणपतमामांना घेऊन वसतिगृहात गेले. मुलींना आत परवानगी नव्हती, म्हणून मामा वर गेले आणि मी फाटकाशी थांबले. मामा खाली आले ते डोकं खाजवत. "पोरगं चांगलं हाय बघा. पण त्याची वळकटी अजून बांधलेलीच हाय. दोरी सोडलीच नाय त्यानं. तसंच तिच्यावर डोकं टेकून झोपतंय." मागून भिला आला. मी विचारलं, "दोरी का सोडली नाहीस?" तो सावकाश मराठीत म्हणाला, "बाबा बोलले, दिवाळीपर्यंत बघू. परीक्षेत पास झालास तर राहा, नाहीतर भाऊच्या सायकलच्या दुकानात बस. मग सोडून काय करायची? परत बांधावी लागेल." हे त्यानं इतक्या शांतपणे सांगितलं की मला माझ्या जर्नलवरच्या सहीची आठवण झाल्याची लाज वाटली. म्हणजे झाली होती आठवण, खोटं कशाला सांगू. पण दुसऱ्या क्षणाला मला त्या बांधलेल्या वळकटीचा राग आला. दोन आठवडे एक माणूस दोरीच्या गाठीवर डोकं टेकून झोपतो आहे, आणि दोरी सोडवणं माझ्याकडे आलं आहे. मी म्हटलं, "उद्या संध्याकाळी आमच्या घरी ये. तुला बेडकाचं हृदय दाखवते. कापायचं काही नाही."

घरी मी अण्णांना योजना सांगितली तेव्हा त्यांचे डोळे असे चमकले की जणू कंपनीचा नवा प्रयोग लागला. बेडकाच्या हृदयाला तीन कप्पे असतात. वर दोन, त्यांना ऑरिकल म्हणतात, आणि खाली एक मोठा, व्हेंट्रिकल. अंगातून फिरून आलेलं अशुद्ध रक्त उजव्या ऑरिकलमध्ये येतं, फुप्फुसातून ताजं होऊन आलेलं डाव्यात. मग दोन्ही खालच्या एकाच कप्प्यात शिरतात आणि तिथून पुढे जातात. आणि आमच्या घराला खोल्याही तीनच. मधली पेट्यांची खोली झाली व्हेंट्रिकल. स्वयंपाकघर, ते उजव्या हाताला, म्हणून उजवं ऑरिकल. चाचांची मशीनची खोली डावं. आणि पडवीत इस्त्रीवर फुंकर घालणारे खुद्द रहीमचाचा म्हणजे फुप्फुसं.

"मैं फेफडा?" चाचांनी इस्त्री खाली ठेवत विचारलं. "अण्णा, मी इतकी वर्षं तुमच्या राजांचे अंगरखे शिवले. आता फेफडा व्हायचं?"

अण्णा म्हणाले, "मुख्य भूमिका आहे, चाचा. फुप्फुसाशिवाय नाटक उभं राहत नाही."

"मग ठीक."

कृष्णाचे निळे शेले अशुद्ध रक्ताला, नवरदेवाचे लाल शेले शुद्ध रक्ताला. रक्ताचं काम आईनं, शेजारच्या दोन काकूंनी आणि भिलानं करायचं. निळा शेला पांघरून मागच्या दारानं स्वयंपाकघरात यायचं, तिथून मधल्या खोलीत, तिथून पडवीत चाचांकडे. चाचा इस्त्रीवर फुंकर मारून लाल शेला खांद्यावर टाकत आणि निळा काढून घेत. मग मशीनच्या खोलीतून पुन्हा मधल्या खोलीत. मी दारात, पेटीवर उभी राहून हातातल्या करवंदीच्या काठीनं पेटी बडवून हृदयाचे ठोके देत होते. धप्‌, आवळा. धप्‌, सोडा. पहिल्या फेरीत आई स्वयंपाकघरातच अडकली, कारण दूध उतू चाललं होतं. "रक्त का आलं नाही?" मी ओरडले. "रक्त दुधापाशी आहे," आतून आवाज आला. दुसऱ्या फेरीत निळे आणि लाल मधल्या खोलीत एकमेकांवर आदळले आणि भिला पहिल्यांदा हसला. असा खळखळून हसला की खाली बसावं लागलं. "ताई, हाई तर मिसळ झायं," तो म्हणाला. मी म्हटलं, "तेच तर. बेडकाच्या हृदयात शुद्ध नि अशुद्ध मिसळतं. तरी बेडूक उड्या मारतो." चाचा पडवीतून म्हणाले, "हमारे घर जैसा." त्यावर शेजारच्या काकूंनी लाल शेल्यानं डोळे पुसले, हसून की कशानं ते त्यांनाच ठाऊक.

त्या संध्याकाळी आईनं खिचडी केली आणि भिलानं पिशवीतून बिबड्या काढल्या. त्याच्या आईनं केलेल्या, ज्वारीच्या पापडांसारख्या, भाजल्या की घरभर वास सुटायचा. पुढे परीक्षा जवळ येईपर्यंत दर मंगळवारी आणि शनिवारी हे नाटक चालू राहिलं. कधी पचनसंस्था, कधी चेतासंस्था. यकृताचं काम करायला अण्णा जबरदस्तीनं पुढे यायचे, कारण त्यात आडवं पडून राहायचं होतं. भिला बोलायला लागला, आकृत्या काढायला लागला. त्याची हृदयाची आकृती तर छापील वाटावी इतकी सुबक होती. मी खूष. बाईंना ती दाखवण्याची मला इतकी घाई झाली होती की ती नीट पाहायला मला वेळच झाला नाही.

परीक्षेच्या दोन दिवस आधीचं प्रॅक्टिकल. भिलानं आता बेडूक झटकन उघडला, हृदयावरचं पातळ आवरण बाजूला केलं, आणि थबकला. बेडूक उताणा होता, डोकं आमच्यापासून दूर. भिलानं आपल्या आकृतीकडे पाहिलं, बेडकाकडे पाहिलं, मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ताई, बेडूक चुकला."

"काय?"

"मोठं ऑरिकल उजवं, असं तुम्ही सांगितलं. स्वयंपाकघर मोठं आहे ना. पण याचं मोठं इकडं, डावीकडं आहे. हा बेडूक उलटा शे."

टाकीपाशी उभे असलेले गणपतमामा दुखावले. "सायखेड्याचा बेडूक हाय तो. आजवर कंदी उलटा निघाला नाय."

टिळेकर बाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी भिलाची आकृती उचलली. उजवं ऑरिकल उजवीकडे, डावं डावीकडे, ठळक अक्षरात, सुंदर आणि साफ चूक. मग माझ्याकडे हात केला. "तुझं जर्नल." माझ्या जर्नलात उजवं ऑरिकल कागदाच्या डाव्या बाजूला होतं. बरोबर. पहिल्या वर्षापासून बरोबर. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "शालिनी, तुझ्याकडे उजवं हे डावीकडे का आहे?"

तीन वर्षं मी ती आकृती पुस्तकातून पाहून काढली होती. पुस्तकात तसं होतं म्हणून तसं. कुणी कधी विचारलं नाही आणि मला कधी प्रश्न पडला नाही. ज्याला मी शिकवत होते, त्यानं घरातल्या खोल्यांवरून खरोखर विचार केला होता आणि म्हणून तो चुकला होता. मी विचारच केला नव्हता आणि म्हणून बरोबर होते. आजही कुणी हुशार माणूस फार भरभर बोलायला लागलं की मला ती दुपार आठवते आणि मी मुद्दाम विचारते, "हे असं का?"

बाई एवढंच म्हणाल्या, "परवा परीक्षा. प्रश्न हृदयावरच असणार. आता बघा दोघं काय ते." भिलानं आकृती घडी करून पिशवीत ठेवली. संध्याकाळी आमच्या घरी आला तो आईचा निरोप घ्यायला. "मी घर जास," तो म्हणाला. "तुम्ही फार केलं. पण आता मी कुठली बाजू खरी मानू? तुम्हाला पण माहीत नव्हतं, ताई." त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. आई पोळी लाटायची थांबली. मशीनची खडखडही थांबली.

अण्णा एका पेटीत डोकं खुपसून मारुतीची शेपूट शोधत होते. तिथूनच म्हणाले, "काय झालं?" मी सांगितलं. उजवं डावीकडे कसं, ते मलाच कळत नाही, म्हणून. अण्णा शेपूट घेऊन उभे राहिले आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी हार्मोनियमला पेटी न म्हणता डबा म्हटलं होतं.

"शालू, माझ्या घरात वाढलीस आणि तुला नटाची उजवी माहीत नाही?"

मग त्यांनी भिलाला पेटीवर उभं केलं, तोंड आमच्याकडे करून, आणि कमरेला मारुतीची शेपूट बांधली. अण्णांना मुद्दा सांगताना समोरच्याच्या अंगावर काहीतरी चढवावं लागतं. "ऐक पोरा. रंगमंचावर दोन विंगा असतात. एक उजवी, एक डावी. कुणाची उजवी? समोर बसलेल्या प्रेक्षकाची की उभ्या असलेल्या नटाची? मी तरुण असताना एका प्रयोगात नवीन पोरानं प्रेक्षकाच्या उजवीकडून प्रवेश केला. नारद होता तो. तिकडून रावण बाहेर पडत होता. दोघांची टक्कर झाली, वीणा रावणाच्या तिसऱ्या नि चौथ्या डोक्यात अडकली आणि पडदा पाडावा लागला. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला सांगतो, प्रेक्षक आज आहेत, उद्या दुसरे असतील. रंगमंच नटाचा. उजवी म्हणजे नटाची उजवी. आता तुझा उजवा हात वर कर."

भिलानं हात वर केला. तो आमच्या डाव्या बाजूला होता.

भिला आपल्या हाताकडे बघत होता. मग त्यानं दुसरा हात वर केला, तो खाली घेतला, पुन्हा पहिला वर केला. "म्हणजे," तो हळूच म्हणाला, "बेडूक नट शे."

"आणि तू नि तुझ्या बाई प्रेक्षक," अण्णा म्हणाले. "बेडूक उताणा पडलाय, तोंड तुमच्याकडे. त्याची उजवी ती त्याची. त्या दिवशी माझी पोरगी दारात उभी राहून आपल्याच उजव्या हातानं माझं स्वयंपाकघर मोजत होती. दिग्दर्शक म्हणून तिला माझ्याकडे नोकरी नाही." मग शेपूट सोडत भिलाला म्हणाले, "परवा परीक्षा देऊन मग कुठं जायचं ते जा."

परीक्षेच्या दिवशी बोटांना आत प्रवेश नसे. आम्ही तिसऱ्या वर्षाचे सगळे व्हरांड्यात, जाळीच्या खिडकीला नाकं लावून उभे. भिलाचं बाक खिडकीसमोरच होतं, तो माझ्याकडे तोंड करून. त्यानं बेडूक उघडला, टाचण्या लावल्या, हृदय मोकळं केलं. हात स्थिर होते. बाई आल्या, त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि आपली सुई उचलून विचारलं, "उजवं ऑरिकल कोणतं?"

भिलाची नजर आकृतीवर, मग बेडकावर, मग वर, खिडकीकडे. आणि मी, जिनं पहिला नियम पाळला होता, मी त्या क्षणी फसवायला तयार झाले. हात वर केला खुणेसाठी. कुठला हात? माझा उजवा केला तर त्याला तो डावीकडे दिसणार, पण तो समोरून बघतोय, आणि बेडूक उताणा, आणि डोकं त्याच्यापासून दूर, म्हणजे... मी दोन्ही हात वर केले. मग दोन्ही खाली घेतले. मग एक वर, एक खाली. शेजारची मैत्रीण म्हणाली, "शालू, तू रहदारीचा पोलीस झालीस का?" भिला माझ्याकडे दोन क्षण बघत राहिला. आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू एक हसू आलं. ज्यांच्याकडून उत्तर मिळणार नाही त्यांची मनापासून कीव आल्यासारखं हसू.

त्यानं चिमटा नीट ट्रेच्या कडेला ठेवला. लेंगा सावरला. आणि बाकावर चढून, ट्रेच्या शेजारी, उताणा झोपला. अगदी बेडकासारखा, डोकं त्याच दिशेला, पाय बाकाबाहेर. प्रयोगशाळेत टाकीतल्यांचासुद्धा आवाज बंद झाला. भिलानं एक हात वर केला आणि मोठ्यानं, खणखणीत म्हणाला, "बाई, मी बेडूक शे. हाऊ मना उजवा हात." मग हात न हलवता मान वळवून ट्रेकडे पाहिलं आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं दाखवलं. "म्हणून हे उजवं ऑरिकल. मोठं. यात अशुद्ध रक्त येतं."

बाई हसल्या नाहीत. मुलं हसायला लागली तेव्हा बाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, तेवढं पुरलं. मग त्या बाकाला वळसा घालून त्याच्या पायाशी येऊन उभ्या राहिल्या. "ठीक आहे, बेडूकराव. शुद्ध रक्त कुठं येतं?"

"डाव्यात. चाचांकडून."

"कुणाकडून?"

"फुप्फुसातून, बाई."

"आणि दोन्ही मिसळतात कुठं?"

"मधल्या खोलीत," भिला छताकडे बघत म्हणाला. "पेट्या आहेत तिथं. म्हणजे व्हेंट्रिकलमध्ये."

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. बराच वेळ पुसला. मग म्हणाल्या, "खाली उतरा. बाक ओलं आहे." आणि आपल्या कागदावर काहीतरी लिहून पुढच्या बाकाकडे गेल्या. खिडकीतून मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती आणि ती हलत होती.

भिला पास झाला. किती गुणांनी ते विचारू नका, सर्वांत जास्त माझ्या त्या चुणचुणीत मुलीलाच पडले. पण शनिवारी उलटतपासणीला सगळा विभाग जमला तेव्हा पहिला प्रश्न विचारायला बाईंनी भिलालाच उभं केलं. तो आता दाराला चिकटून उभा नव्हता. पुढे आला, माझ्याकडे तोंड करून उभा राहिला आणि प्रमाण मराठीत, एकेक शब्द निवडून म्हणाला, "शालूताई, बेडकाच्या हृदयात शुद्ध आणि अशुद्ध रक्त एकाच कप्प्यात जातं. आपल्या घरातल्या नाटकात ते मिसळलं, कारण सगळे धडकले. पण खऱ्या बेडकात ते पूर्ण मिसळतं की थोडं वेगळं राहतं? आणि वेगळं राहत असेल तर कशामुळं?"

मी टिळेकर बाईंकडे पाहिलं. बाई भिंतीवरच्या सापाच्या बाटलीकडे पाहत होत्या, अतिशय रस घेऊन. नंतर कळलं की या प्रश्नावर मोठमोठी माणसं वाद घालत होती आणि बाईंनाही त्याचं पूर्ण उत्तर त्या दिवशी देता आलं नसतं. गणपतमामा म्हणाले, "ताई, लय झणझणीत सांगा, आणि पाव जास्त." मी मिसळ आणायला निघाले. माझ्या मागून अख्खा विभाग आला, सगळ्यांत पुढे बाई.

त्याच संध्याकाळी भिला आमच्या घरी आला. जर्नलवर बाईंची सही झाली का, हे त्यानं आधी विचारलं. झाली होती. सहीखाली बाईंनी लाल शाईनं एक ओळ लिहिली होती, 'बोट बरं, धाकटा उत्तम,' ती मी त्याला दाखवली नाही. आज दाखवते आहे. मग त्यानं पिशवीतून दोरी काढली. सुंभाची, जाड, मध्ये मध्ये गाठींच्या जागी चपटी झालेली. "वळकटी सोडली," तो म्हणाला. "आता ही लागणार नाही. अण्णा, पेट्या बांधायला घ्या."

अण्णांनी ती घेतली नाही, आईनं घेतली. पेट्यांना दोऱ्या खूप होत्या, तिला मिरगुंडं वाळत घालायची चादर गच्चीत ताणून बांधायला दोरी हवी होती. पुढे भिलाच्या आईनं बिबड्यांची कृती लिहून पाठवली आणि आमच्या गच्चीवर बागलाणचा वास येऊ लागला. भिला पुढे बागलाणातच प्राध्यापक झाला. त्याचे विद्यार्थी परीक्षेत बाकावर झोपतात अशी तक्रार एकदा कुणीतरी माझ्याकडेही केली होती. मी म्हटलं, झोपू द्या.

कपडेपट केव्हाच गेला, दाढ्या कुठल्या कुठल्या नाटक मंडळांना वाटल्या. पण ती दोरी माझ्या आताच्या घराच्या गच्चीत आहे, कपडे तिच्यावरच वाळतात. मधोमध थोडी सैल झाली आहे, बाकी पक्की. तिची एक गाठ उजवीकडच्या खांबाला आहे. कुणाच्या उजवीकडच्या, असं नातवंडं विचारतात तेव्हा मी गुडघे दुखत असले तरी गच्चीवर उताणी झोपते आणि हात वर करते.